तीन तास आधी कशासाठी?

परदेशी जाणाऱ्या प्रवाशाला विमान कंपनी सांगते, तीन तास आधी या. कोथरूडहून निघायचं असेल तर या तीन तासांत घाटातली कोंडी आणि मुंबईतली वाहतूक मिळवावी लागते. मग रात्री दीडच्या विमानासाठी संध्याकाळी पाचलाच चपला घालून बसायची वेळ येते. एवढं करून विमानतळावर पोचलं की करायला विशेष काहीच नसतं. एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जायचं, महागडा चहा प्यायचा आणि फलकावरचा गेट नंबर पुन्हा पुन्हा वाचायचा. हे तीन तास नेमके जातात कुठे, असा प्रश्न तिथे बसलेल्या कोणालाही पडावा.

खरं तर ते आपल्यासाठी नसतातच. त्या वेळात आपल्या डोळ्यांआड तीन कामं चाललेली असतात. आपल्या बॅगेचा स्वतंत्र प्रवास सुरू असतो, आपलं नाव दोन देशांच्या नोंदींतून तपासलं जात असतं आणि विमानाच्या वजनाचा हिशेब जुळवला जात असतो. हे सगळं विमान सुटण्याच्या क्षणापासून मागे मोजलेलं असतं. त्यातल्या बहुतेक नियमांमागे एखादी जुनी दुर्घटना किंवा रोकडा आर्थिक हिशेब आहे. तो माहीत झाला की कुठे घाई करायची आणि कुठे निवांत बसायचं, हे आपोआप कळतं.

मध्यरात्रच का?

मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्र ते पहाटे या वेळात सुटतात. त्याचं कारण पलीकडच्या विमानतळांवर आहे. फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात नियमित विमानांच्या चढउतारावर बंदी आहे, कारण आसपासच्या लोकांना झोप हवी. युरोपातल्या इतर अनेक मोठ्या विमानतळांवरही रात्रीची बंधनं आहेत. मुंबईहून फ्रँकफर्ट साधारण नऊ तासांवर आहे आणि तिथलं घड्याळ आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास. रात्री आठला इथून निघालेलं विमान तिथे मध्यरात्रीनंतर पोचेल आणि दार बंद असेल. अडीच-तीनला निघालेलं विमान मात्र सकाळी सातच्या सुमारास उतरतं आणि त्यातल्या प्रवाशांना न्यूयॉर्क, शिकागोकडे जाणारी पुढची विमानं सापडतात. दुबई-दोह्याचं गणितही याच जातीचं आहे. तिथे ठराविक वेळी चहूकडून विमानं येऊन टेकतात आणि दोन-तीन तासांत चहूकडे सुटतात. त्या जत्थ्यात सापडायचं तर मुंबई पहाटेच सोडावी लागते.

या वेळापत्रकात एक सापळा आहे आणि दरवर्षी कोणी ना कोणी त्यात अडकतो. तिकिटावर १५ तारीख, वेळ ००.५०. म्हणजे विमानतळावर पोचायचं ते १४ तारखेच्या रात्री साडेनऊला. पंधराच्या रात्री जेवूनखाऊन निघालेल्या माणसाचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. तिकीट हातात आलं की कॅलेंडरवर विमानाच्या वेळेऐवजी घरातून निघायची तारीख आणि वेळ लिहावी.

डबे, पुड्या आणि पॉवर बँक

वजनाची २३ किलोंची मर्यादा कंपनीच्या कंजूषपणातून आलेली वाटते. पण तिच्या वर आणखी एक रेघ आहे, ३२ किलोंची. जास्तीचे पैसे मोजायची तयारी असली तरी एक नग साधारणपणे त्याहून जड चालत नाही. बॅग पट्ट्यावरून उचलून गाडीत आणि गाडीतून विमानाच्या पोटात ठेवणाऱ्या माणसाची कंबर शाबूत राहावी, म्हणून ही रेघ ओढलेली आहे. वजन जास्त भरतंय असं वाटलं तर दोन बॅगांत विभागणी घरीच करावी. काउंटरसमोर फरशीवर बॅग उघडून चकलीचा डबा कोणत्या बॅगेत जाईल याची चर्चा करणारी कुटुंबं मुंबईच्या टर्मिनल दोनवर रोज दिसतात.

डब्यांत काय आहे हे वजनाहून महत्त्वाचं. सुकं खोबरं मराठी स्वयंपाकाचा आधार, पण विमान वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे, यूएन १३६३. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल असतं. हवेशी संयोग होताना ते हळूहळू तापतं, दाटीवाटीने रचलेलं असलं तर ही उष्णता बाहेर पडत नाही आणि ठिणगी न पडताही माल पेट घेऊ शकतो. भारतात २०२२ मध्ये चेक-इन सामानातल्या बंदी घातलेल्या वस्तूंत त्याचं नाव आलं. तेव्हा खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत भरू नयेत.

खसखस विमानाला चालते, पण उतरल्यावर अडचणीत आणते. ती अफूच्याच झाडाचं बी असल्यामुळे संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूरमध्ये तिच्यावर बंदी आहे. अनारशांवर लावलेली किंवा करंजीच्या सारणातली खसखससुद्धा त्यातच मोडते. दिवाळीचा फराळ दुबईला नेणाऱ्याने अनारसे घरच्यांसाठी ठेवून चिवडा न्यावा. अमेरिकेत ताजा कढीपत्ता नेता येत नाही, आणि त्याचं कारण वनस्पतिशास्त्रातलं आहे. कढीपत्ता लिंबू-संत्र्यांच्या कुळातला. त्याच्या पानांवर राहणारा एक चिमुकला कीटक संत्र्यांच्या बागा उद्ध्वस्त करणाऱ्या जिवाणूचा प्रसार करतो. फ्लोरिडातल्या बागायतदारांनी त्या रोगापायी जे भोगलंय, ते पाहता तिथला अधिकारी आपली पुडी कचऱ्यात टाकताना हळहळत नाही.

हातातल्या सामानात प्रत्येक पातळ पदार्थ शंभर मिलिलिटरच्या बाटलीत हवा, हा नियम २००६ चा. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडनहून अटलांटिक ओलांडणारी विमानं द्रवरूप स्फोटकांनी उडवायचा कट उघड झाला आणि जगभरच्या प्रवाशांच्या पिशव्यांतून पाण्याच्या बाटल्या गेल्या. तूप, लोणचं, श्रीखंड यांचीही गणना त्यातच होते. हे डबे खाली जाणाऱ्या बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी लावून.

पॉवर बँकेचा नियम बरोबर उलटा आहे. ती खालच्या बॅगेत अजिबात चालत नाही, हातातच ठेवायची. लिथियमची बॅटरी आतून बिघडली की स्वतःच तापत जाते, एका घटापाठोपाठ दुसरा पेटतो. विमानाच्या पोटात आग विझवायला हॅलॉन वायू असतो, तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या आतलं तापणं थांबवू शकत नाही. प्रवाशांच्या कक्षात निदान माणसं असतात, धूर दिसतो, पाणी ओतता येतं. मर्यादा आहे १०० वॉट-तासांची आणि ती काढायला सोपी आहे. पॉवर बँकेवरचा मिलीअँपिअर-तासांचा आकडा ३.७ ने गुणायचा आणि हजाराने भागायचा. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची भरते, म्हणजे चालते. १०० ते १६० च्या दरम्यान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाही. २०२५ च्या जानेवारीत दक्षिण कोरियात एअर बुसानचं एक विमान उड्डाणाआधी जमिनीवरच जळालं. आग सामानाच्या वरच्या कप्प्यात लागली होती आणि संशय पॉवर बँकेवर होता. तेव्हापासून ती वरच्या कप्प्यात न ठेवता नजरेसमोर ठेवा, असं अनेक कंपन्या सांगू लागल्या आहेत.

नावाचा प्रवास

काउंटरवरची मुलगी पासपोर्ट चाळते, व्हिसा शोधते, स्क्रीनकडे पाहते. परदेशाचा व्हिसा तपासायचं काम विमान कंपनीला का? कारण कागद अपुरे असलेला प्रवासी तिथून परत पाठवला गेला, तर त्याला परत आणायची जबाबदारी कंपनीवर पडते आणि बहुतेक देश वर दंडही ठोठावतात. म्हणून विमान कंपन्यांसाठी टिमॅटिक नावाची एक माहितीपेढी चालवली जाते. कोणत्या देशाच्या नागरिकाला कुठे जायला काय लागतं, पासपोर्टची मुदत किती उरलेली हवी, मध्ये विमान बदलायला व्हिसा लागतो का, हे तिच्यात असतं. पुष्कळ देशांना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी असते. पाच महिने उरलेला प्रवासी काउंटरवरूनच घरी जातो आणि त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो.

तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणे हवं, हे सगळे ऐकतात. आडनावाचा रकाना कोरा असलेल्या पासपोर्टांची अडचण मात्र फार जणांना ठाऊक नसते. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एकेरी नावाच्या प्रवाशांना पर्यटन व भेटीच्या व्हिसावर प्रवेश बंद केला. घरातल्या वयस्कर मंडळींचे जुने पासपोर्ट या दृष्टीने एकदा उघडून पाहावेत.

रत्नागिरी-रायगडातून आखातात कामाला जाणाऱ्यांसाठी आणखी एक पायरी आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘ईसीआर’ अशी नोंद असते. अशा व्यक्तीला आखातातल्या देशांसह ठरवून दिलेल्या अठरा देशांत नोकरीसाठी जायचं असेल, तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार आधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. मालक कोण, पगार किती, करार काय, हे तपासलं जावं आणि माणूस तिकडे फसू नये, हा त्यामागचा हेतू. मंजुरी नसेल तर इमिग्रेशनच्या खिडकीवरून परत फिरावं लागतं, मग विमान लागलेलं असलं तरीही.

या खिडकीवर पूर्वी एक फॉर्म भरावा लागे. भारतीय नागरिकांसाठी तो १ जुलै २०१७ पासून बंद झाला, त्यामुळे पेन मागत फिरणारी माणसं आता दिसत नाहीत. अधिकारी मात्र तपासणी पूर्ण करतात. पासपोर्ट खरा आहे का, आणि ‘लुकआउट’ नोटिशीत या माणसाचं नाव आहे का, हे तिथेच कळतं. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांत जायचं असेल तर लशीचं प्रमाणपत्र लागतं. ते टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं, म्हणजे आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही.

पैशांचे नियम थोडक्यात. भारतीय चलन माणशी पंचवीस हजार रुपयांपर्यंतच बाहेर नेता येतं. परदेशातल्या लग्नाला ठसठशीत दागिने घालून जाणाऱ्यांनी निघतानाच सीमाशुल्क खात्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावं. परतताना ‘हे इथूनच नेलं होतं’ हे तोंडी सांगून पटत नाही आणि शुल्काचा प्रश्न उभा राहतो. या कामाला वेळ लागतो. तीन तासांचे साडेतीन करावेत असं हे एक खरं कारण.

दहा आकडे

काउंटरवर बॅगेला लागणारी पांढरी पट्टी नीट पाहण्यासारखी असते. तिच्यावर मोठ्या अक्षरांत शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरं असतात आणि बारकोडखाली दहा आकडे. पहिला आकडा पट्टीचा प्रकार सांगतो, पुढचे तीन विमान कंपनीचे (एअर इंडिया ०९८, लुफ्तान्सा २२०, एमिरेट्स १७६) आणि उरलेले सहा त्या बॅगेचे स्वतःचे. इथून पुढे यंत्रांच्या लेखी आपली बॅग म्हणजे हे दहा आकडे. पट्ट्यावरून जाताना लेझरचे झोत तो बारकोड वाचतात, क्ष-किरणांची तपासणी होते, संशय आला तर बॅग पुढच्या पातळीवर वळवली जाते आणि आत पॉवर बँक सापडली तर मालकाला बोलावणं येतं. बारकोड वाचता आला नाही तर बॅग बाजूला पडते आणि माणूस येऊन आकडे हाताने भरतो. मागच्या प्रवासाच्या जुन्या पट्ट्या आणि चिकटलेले कपटे काढून टाकावेत ते याचसाठी. दोन बारकोड दिसले की यंत्र गोंधळतं.

पट्टी लागताना शेवटची तीन अक्षरं आपल्या मुक्कामाची आहेत का, एवढं पाहून घ्यावं. अमेरिकेला जाताना मात्र पट्टीवर शेवटचं गाव असलं तरी पहिल्या अमेरिकी विमानतळावर बॅग उतरवून घ्यावी लागते, सीमाशुल्काच्या दारातून न्यावी लागते आणि पुन्हा द्यावी लागते.

बॅग विमानात चढली की तिच्या मालकानेही चढलं पाहिजे, हा नियम फार मोठी किंमत मोजून आलेला आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर असताना स्फोटाने तुटलं आणि ३२९ माणसं गेली. बॉम्ब असलेली बॅग व्हँकुव्हरला दुसऱ्या विमानात चढवली गेली होती आणि टोरांटोला ती कनिष्ककडे आली. ती देणारा प्रवासी मात्र स्वतः चढलाच नव्हता. त्यानंतर प्रवासी आणि सामान यांची जुळणी आंतरराष्ट्रीय उड्डाणांत बंधनकारक झाली. गेटवर एखाद्याच्या नावाचा पुकारा होतो तेव्हा ते केवळ सौजन्य नसतं. तो आला नाही तर त्याची बॅग शोधून उतरवावी लागते. मोठ्या विमानांत बॅगा धातूच्या पेट्यांत भरतात आणि कोणती बॅग कोणत्या पेटीत गेली याची नोंद असते, म्हणून ती सापडते. पण पेटी बाहेर काढायला वेळ जातोच. गेट सुटण्याच्या वेळेआधी वीस-पंचवीस मिनिटं बंद होतं आणि चेक-इन तासभर आधी, त्यात या शोधाचाही हिशेब धरलेला असतो.

माणसाची झडती

जगातल्या बहुतेक विमानतळांच्या इमारतीत कोणीही सहज शिरू शकतो. आपल्याकडे दारातच तिकीट आणि ओळखपत्र दाखवावं लागतं, म्हणून निरोप रस्त्यावर आणि मिठ्या ट्रॉलीच्या साक्षीने होतात. आतली सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली ती २००० पासून. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीकडे निघालेलं आयसी-८१४ अपहरण करून कंदाहारला नेलं गेलं, त्यानंतरचा हा निर्णय.

तपासणीच्या ट्रेमध्ये लॅपटॉप वेगळा काढायला लावतात, कारण त्याची दाट बॅटरी आणि आतले धातूचे भाग क्ष-किरणांच्या चित्रात एक गडद चौकोन करतात आणि त्याखालचं काही दिसत नाही. खिशातली नाणी, किल्ल्या, पट्टा हे रांगेत असतानाच पिशवीत टाकलं तर आपले आणि मागच्या पन्नास जणांचे चार क्षण वाचतात. अमेरिकेच्या विमानांना गेटवर आणखी एकदा तपासणी होऊ शकते, तेव्हा त्या प्रवाशांनी दुकानांत रेंगाळू नये.

विमानाचं वजन

आपण गेटपाशी बसलेले असतो तेव्हा काचेपलीकडे तिसरा हिशेब चालू असतो. लांब पल्ल्याचं बोईंग ७७७-३००ईआर जास्तीत जास्त ३५१ टन वजनानिशी उडू शकतं आणि त्यात १४५ टनांपर्यंत इंधन मावतं. पूर्ण भरलेल्या विमानात प्रत्येक पाच किलोंमागे दोन किलो इंधनच, असं प्रमाण पडतं. इंधनाचा हिशेब लिटरऐवजी किलोंत करतात, कारण तापमानाप्रमाणे त्याचं आकारमान बदलतं आणि इंजिनाला लागते ती ऊर्जा वस्तुमानावर ठरते. वाटेतला वारा, मुक्कामाच्या ठिकाणचं हवामान, पर्यायी विमानतळाचं अंतर या सगळ्यावरून इंधन ठरतं. जास्त घ्यावं तर ते वाहून न्यायलाच आणखी इंधन जळतं.

नुसतं एकूण वजन पुरत नाही, ते कुठे आहे हेही पाहावं लागतं. पुढच्या आणि मागच्या कप्प्यांत बॅगा व माल किती, प्रवासी कुठे बसलेत, यावरून विमानाचा गुरुत्वमध्य ठरतो आणि तो नेमून दिलेल्या मर्यादेत असावाच लागतो. शेवटचा आकडा गेट बंद झाल्यावरच निश्चित होतो. मग भारपत्रक वैमानिकाच्या हाती पडतं आणि त्यावरून उड्डाणाचे वेग काढले जातात. उष्ण हवा विरळ असते, पंखांना आधार कमी मिळतो आणि इंजिनांचा जोरही घटतो. त्यामुळे भरलेल्या विमानाला रात्रीची थंड हवा मानवते.

त्यात मुंबईची स्वतःची अडचण आहे. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि तिच्यावरून दिवसाला साडेनऊशेच्या घरात विमानं चढतात-उतरतात. एखाद्या प्रवाशापायी पाळी हुकली की सगळं विमान मागच्या रांगेत जातं.

शरीराचं घड्याळ

१८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जवळजवळ दोन महिन्यांनी न्यूयॉर्कला पोचल्या. बोटीवर घड्याळ थोडं थोडं मागे सरकत जाई आणि शरीर त्याच्या मागोमाग चाले. आपण तेच अंतर एका दिवसात कापतो. मेंदूतलं घड्याळ मात्र दिवसाला साधारण एक तासच सरकतं. न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे, म्हणजे पहिला आठवडा अर्धवट झोपेत जाणार हे ठरलेलं. या घड्याळाला सर्वांत जास्त कळतो तो उजेड. विमानात बसल्यावर मनगटावरची वेळ मुक्कामाची करावी, तिथे रात्र असेल तेव्हा डोळे मिटावेत आणि पोचल्यावर दिवसा उन्हात फिरावं. आदली रात्र बॅगा भरण्यात जागून काढणाऱ्याला ‘विमानात झोपीन’ असं वाटतं, पण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतक्या विरळ, कोरड्या हवेत बसल्या जागी लागलेली झोप घरच्यासारखी नसते. बॅगा म्हणून दोन दिवस आधी बंद कराव्यात.

विमानतळावरच्या तीन तासांत आपल्या हाती फार थोडं असतं. हाती असतं ते घरातून निघण्याआधीचं, आणि तिथे एक साधी कसोटी पुरते. जी वस्तू परदेशात पैसे देऊन मिळेल, ती विसरली तरी चालते. मिळणार नाहीत अशा चारच. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह रोजची औषधं आणि जास्तीचा चष्मा. या चारही हातातल्या पिशवीत असाव्यात, खालच्या बॅगेत नव्हे. त्या दारातून निघताना एकदा डोळ्यांनी पाहिल्या की चकलीचा डबा राहिल्याचं घाटात आठवलं तरी गाडी मागे वळवायचं कारण नाही.